लग्न करून टाका ना, मॅडम!

प्रति,
पुण्या-मुंबईच्या आणि बंगळुरूच्या कंपन्यांतून माणसं युरोपात पाठवणारे सर्व मोबिलिटी विभाग आणि त्यांचे इमिग्रेशन सल्लागार यांस,

विषय : लग्न न झालेल्या, आणि पासपोर्टही एका देशाचे नसलेल्या जोडप्यांच्या पाठवणीबाबत.



विषयात ‘पाठवणी’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. आपल्याकडे पाठवणी लग्नानंतरच होते. तुमच्या खात्यानंही बहुधा हाच नियम मनाशी धरलेला असावा. निदान माझा अनुभव तरी तसा आहे.

मी मूळची कराडची. गाड्यांमधल्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर लिहिते. अकरा वर्षं हिंजवडीत काढली. माझा जोडीदार फिलिपिन्सचा, इलोइलो शहरातला. कॉल सेंटरच्या लोकांना प्रशिक्षण द्यायला तो पुण्यात आला आणि राहिला. आम्ही सहा वर्षं एकत्र आहोत, आमचं लग्न झालेलं नाही, आणि हल्ली आमचा पत्ता नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचा आहे. म्हणजे माझं काम झालेलं आहे, तुमच्याकडून आता काही मिळवायचं नाही. म्हणूनच हे पत्र मोकळेपणानं लिहिता येतंय.

सुरुवात एका फॉर्मपासून झाली. कंपनीनं मला स्टुटगार्टची पोस्टिंग देऊ केली, तेव्हा पोर्टलवर माहिती भरायची होती. वैवाहिक स्थितीपुढे चार पर्याय : मॅरिड, सिंगल, डिव्होर्स्ड, विडोड. खरं तेच भरावं म्हणून ‘सिंगल’ निवडलं, तर पुढचं ‘डिपेंडंट’चं पान राखाडी झालं. क्लिक करून पाहिलं, माऊस आपटून पाहिला, पान उघडेना. फोन केला. पलीकडची मुलगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, बोलायला अगदी गोड. म्हणाली, “पार्टनर आहेत ना मॅम? काळजीच करू नका. युरोप आहे, तिकडे सगळं चालतं.” तिनं तिच्या बाजूनं पान उघडून दिलं, माझ्या जोडीदाराचं नाव ‘डिपेंडंट’ म्हणून चढलं, आणि मी ऑफरवर सही केली. त्यानं त्याच्या नोकरीत राजीनामा दिला. त्याचा भारतातला व्हिसा त्या नोकरीवरच होता, हे इथं लक्षात ठेवा.

“तिकडे सगळं चालतं” ही माझी पहिली तक्रार. युरोप तुम्ही सिनेमात पाहिलेला आहे, आम्हीही सिनेमातच पाहिला होता. पण आमचं एक ठीक आहे, तुमचा तो धंदा आहे. तिकडे माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं चालतं, हे खरं. त्यावरून परदेशी नोकरदाराच्या बिनलग्नाच्या जोडीदाराला परवाना मिळतो असं तुम्ही धरून चालता. जर्मनीच्या निवास कायद्याचं ३० वं कलम जोडीदाराबद्दल बोलतं तेव्हा पती-पत्नीबद्दल बोलतं. बर्लिनमध्ये शेजारच्या घरातले दोघे वीस वर्षं लग्नाशिवाय सुखानं राहत असतील, पण पुण्याहून जाणारीला तिच्या जोडीदाराला त्या नात्यावर सोबत नेता येत नाही. हे गुपित नाही. कायद्यात छापलेलं आहे. ते मला निघायच्या सतरा दिवस आधी कळलं, आणि तेही तुमच्या सल्लागाराकडून नाही, स्टुटगार्टच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून.

आता ‘युरोप’ या एका शब्दात तुम्ही काय काय कोंबता ते पाहा. स्वीडनमध्ये लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला ‘सांबो’ असा साधा रोजचा शब्द आहे. त्यातलं ‘सम’ आपल्याच ‘सम’चं दूरचं भावंड आहे, आणि उरलेल्याचा अर्थ राहणं. म्हणजे आपला ‘सहवास’च. त्यांच्या घरासाठी आणि घरातल्या सामानासाठी तिथं २००३ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि नोकरीच्या परवान्यावर जाणाऱ्याला सांबोसाठीही अर्ज करता येतो. एकत्र राहत होतो हे मात्र दाखवावं लागतं. नेदरलँड्समध्ये लग्नाची अट नाही. दोघंही अविवाहित असल्याचे कागद, नातं टिकाऊ आणि एकमेकांपुरतं असल्याचं निवेदन, आणि पोचल्यावर दोघांची एकाच पत्त्यावर नोंद, असा मामला आहे. पोर्तुगालचा कायदा दोन वर्षांच्या सहजीवनाला मान्यता देतो. ब्रिटन आता युरोपियन युनियनमध्ये नाही, पण तुम्ही लंडनही ‘युरोप डेस्क’वरच हाताळता म्हणून सांगते : तिथं दोन वर्षं एका छताखाली राहिल्याचं दाखवावं लागे. ३१ जानेवारी २०२४ पासून लग्नासारखं नातं दोन वर्षांचं असलं तरी पुरतं, छप्पर एकच हवं असं नाही. एवढं सगळं एका “चालतं”मध्ये मावत नाही.

आणि हे असं का, तेही सांगते. कारण तुमच्यातल्या एका वकिलानं मला “युरोपियन युनियनचा नियम एकच आहे” असं ठणकावून सांगितलं होतं. नियम एकच आहे खरा, पण तो वाचायला हवा. बिगर-युरोपीय माणसांच्या कुटुंबांसाठीचा २००३ चा निर्देश आहे, त्यात बिनलग्नाच्या जोडीदाराला प्रवेश ‘द्यावा’ असं लिहिलेलं नाही. ‘देता येईल’ असं आहे. ‘द्यावा’ आणि ‘देता येईल’ यांतला फरक मराठी शाळेत शिकवतात. त्या ‘देता येईल’मुळेच प्रत्येक देशाचं दार वेगळ्या मापाचं झालं. वर डेन्मार्क आणि आयर्लंड त्या निर्देशात मुळातच नाहीत.

युरोपीय नागरिकांसाठी २००४ चा वेगळा निर्देश आहे, आणि त्याची गंमत गोव्यातल्या माणसाला लगेच कळेल. १९ डिसेंबर १९६१ आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे. लिस्बनला जन्म नोंदवून कित्येक जण त्या वाटेनं गेले. समजा, मडगावचा असा एखादा पोर्तुगीज पासपोर्टवाला जर्मनीत नोकरीला निघाला आणि त्याची मैत्रीण कोल्हापूरची आहे. तो युनियनचा नागरिक, दुसऱ्या सदस्य देशात चाललेला. त्यामुळे टिकाऊ नातं पुराव्यानिशी दाखवलं तर जर्मनीनं तिचा प्रवेश सुकर करावा, प्रकरण नीट तपासावं, आणि नकार द्यायचा तर कारण द्यावं, असं तो निर्देश सांगतो. हक्क नव्हे, पण दार किलकिलं आहे. माझ्यासाठी, भारतीय पासपोर्टवर, त्याच देशात, त्याच पगारावर, तेवढीही फट नव्हती. म्हणजे कोण कुठल्या पासपोर्टवर कुठं चाललंय हे तिन्ही विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. मला तुमच्याकडून फक्त ‘कुठं’ एवढंच विचारलं गेलं.

दुसरी तक्रार जास्त नाजूक आहे. जर्मनीत जमत नाही हे उघड झाल्यावर बैठक झाली. तिघे तुमच्या बाजूचे, एक सल्लागार व्हिडिओवर, आणि मी. सल्लागार घड्याळाकडे बघत म्हणाले, “लग्न करून टाका ना, मॅडम. दोन सह्यांचा प्रश्न आहे.” बाकीचे हसले. वाईट हेतूनं नव्हे, सुटल्यासारखं हसले. चहा आला.

लग्नाला माझा विरोध नाही. आम्ही दोघांनी त्यावर सहा वर्षांत जितका विचार केला असेल तितका तुमच्यातल्या कुणी आपल्या लग्नाआधी केला असेल असं वाटत नाही. कधी करायचं, कुठे करायचं, त्याच्या आईच्या चर्चमध्ये की आमच्या अंगणात, का करायचंच नाही, हे आमचं चाललेलं बोलणं आहे. ते सतरा दिवसांत संपवायचं, कारण एका पोर्टलवर रकाना राखाडी आहे? आणि व्यवहाराच्या भाषेतच बोलायचं तर तेही जमत नव्हतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटीस लागल्यापासून तीस दिवस थांबावं लागतं. ‘दोन सह्या’ म्हणणाऱ्या सल्लागारांना हे ठाऊक नसावं याचं मला आजही नवल वाटतं. शिवाय ज्या अधिकाऱ्यांपुढे तो कागद जायचा, ते केवळ परवान्यासाठी केलेलं लग्न हुडकायलाच बसलेले असतात. तसं वाटलं तर अर्ज नाकारायची मुभा त्यांना २००३ च्या त्याच निर्देशात आहे. आमचं नातं खरं असल्यामुळे आमचं लग्न बनावट ठरलं नसतं, हे मान्य. पण तुम्ही ‘करून टाका’ म्हणता तेव्हा समोरच्याचं नातं खरं की कसं, हे तुम्ही विचारलेलं नसतं.

एकानं आणखी सोपा उपाय सुचवला : “त्यांना टुरिस्ट व्हिसावर न्या, मग बघू.” शेंगेनचा पर्यटक व्हिसा म्हणजे १८० दिवसांत ९० दिवस. अमेरिकी किंवा जपानी माणसाला जर्मनीत उतरून मग परवान्याचा अर्ज करता येतो, तशी सवलत भारतीय किंवा फिलिपिनो माणसाला नाही. ‘मग बघू’मधलं बघणं नव्वदाव्या दिवशी त्यालाच बघावं लागलं असतं, विमानतळावर.

मी पोस्टिंग नाकारली. पण त्याचा राजीनामा मागे घेता आला नाही. व्हिसा संपत आला, तो इलोइलोला परतला, आणि पुढचे सात महिने आम्ही अडीच तासांच्या फरकानं फोनवर जेवलो. मधल्या काळात मी स्वतः अर्ज करून आइंडहोवनची नोकरी मिळवली. ह्या सात महिन्यांचा हिशेब मी तुमच्याकडे मागत नाही, पण तो तुमच्या कुठल्याच अहवालात ‘पोस्टिंग डिक्लाइन्ड बाय एम्प्लॉयी’ या चार शब्दांपलीकडे दिसणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आता पुराव्यांबद्दल. इथं तुमचा दोष कमी आणि आपल्या सगळ्यांचा जास्त आहे.

जिथं बिनलग्नाच्या जोडीदाराला वाट आहे, तिथं एकत्र राहिल्याचा पुरावा उपयोगी पडतो : दोघांच्या नावाचा भाडेकरार, विजेचं बिल, एकत्र खातं. आता बाणेरच्या सोसायटीत लग्न न झालेल्या दोघांच्या नावानं ॲग्रीमेंट कोण करून देतं? आमचं ॲग्रीमेंट माझ्या एकटीच्या नावावर होतं. घरमालक काका भले माणूस, त्यांना सगळं माहीत होतं, पण “कमिटीला कशाला सांगायचं” असं म्हणाले. गेटवरच्या नोंदीत तो चार वर्षं पाहुणा होता. रोज रात्री येणारा, सकाळी जाणारा, भाजी आणणारा पाहुणा. खालच्या मजल्यावरच्या आजींना तो माझा ‘ऑफिसचा’ होता. चार वर्षं जे एकेका माणसापासून जपून लपवलं, त्याचाच पुरावा आता शिक्क्यानिशी हवा होता.

तो सापडला कुठं, सांगू? फॉर्म सी. घरात परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं २४ तासांत तो ऑनलाइन भरायचा असे. काका नियमानं वागणारे, त्यांनी भरला होता, आणि प्रिंट काढून फाइलला लावली होती. त्यावर त्याचं नाव, त्याचा पासपोर्ट आणि आमच्या फ्लॅटचा पत्ता. परदेशी माणसांवर नजर ठेवण्यासाठी असलेला तो कागद, आमच्या संसाराचा भारत सरकारकडचा एकमेव दाखला निघाला. असे कागद कुठं शोधायचे, हे सांगायला तुमच्यासारखं अनुभवी खातं हवं. मला तो एका रविवारी काकांच्या माळ्यावर सापडला.

अविवाहित असल्याच्या दाखल्याचंही तसंच. फिलिपिन्समध्ये त्याला ‘सेनोमार’ म्हणतात. त्यांचं सांख्यिकी खातं देशभरची नोंद तपासून ‘या नावावर विवाहाची नोंद नाही’ असं लिहून देतं. त्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल, संपलं. आपल्याकडे देशभरच्या विवाहांची अशी एका जागी नोंद नाही, त्यामुळे आपलं ब्रह्मचर्य प्रतिज्ञापत्रावर चालतं. वकिलांनी सांगितलं, तुमचं एक आणि वडिलांचं एक, अशी दोन करा.

बाबा निवृत्त मराठी शिक्षक. माझं आणि त्याचं ‘असं’ आहे हे त्यांनी चार वर्षं गल्लीत कुणाला कळू दिलेलं नव्हतं. ते कराडच्या तहसील कचेरीबाहेर टायपिंगवाल्यासमोर बाकड्यावर बसले. इंग्रजी मजकूर तयारच होता, पण आपल्या फाइलसाठी त्यांनी मराठी प्रतही करून घेतली. टायपिंगवाला त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. बोटं चालू ठेवून त्यानं विचारलं, “सर, ताईंचं जमलं का कुठं?” बाबा म्हणाले, “जमलंय, म्हणूनच अविवाहित असल्याचा दाखला काढतोय.” तो दोन क्षण थांबला आणि पुन्हा टाइप करू लागला. त्यानं ‘अविवाहीत’ असं दीर्घ टाइप केलं होतं. बाबांनी ते खोडून ऱ्हस्व करायला लावलं आणि मगच सही केली.

त्यावर राज्य शासनाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. भारत अपॉस्टिल करारात २००५ पासून आहे, त्यामुळे पुढे वकिलातीत खेटे घालावे लागले नाहीत. अर्ज नव्या कंपनीनं आम्हा दोघांसाठी एकदमच केला. त्याच्या कार्डावर काम करायला पूर्ण मोकळीक असल्याचं छापून आलं. हा रस्ता पहिल्या दिवसापासून उघडा होता. फक्त स्टुटगार्टऐवजी आइंडहोवनचा नकाशा कुणीतरी टेबलावर ठेवायला हवा होता, आणि माझ्या जुन्या कंपनीचं ऑफिस दोन्हीकडे आहे.

आणखी एक गोष्ट, जी माझी नाही पण सांगितली पाहिजे. माझ्या जुन्या टीममधला एक मुलगा त्याच्या व्हिएतनामी मित्रासोबत राहतो. त्याला ‘लग्न करून टाका’ कसं म्हणणार? १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. ज्या नेदरलँड्सनं १ एप्रिल २००१ पासून, जगात सगळ्यात आधी, असे विवाह लावायला सुरुवात केली, तिथं तो मित्राला बिनलग्नाचा जोडीदार म्हणूनही नेऊ शकेल. पण त्यानं तुमच्या पोर्टलवर काही भरलंच नाही. फॉर्ममध्ये ‘हजबंड/वाइफ’ पाहिलं आणि लॅपटॉप बंद केला, असं तो म्हणाला. असे किती जण युरोपची पोस्टिंग न मागताच गप्प बसले, हे तुम्हाला कळायचा काही मार्ग नाही, कारण ते तुमच्यापर्यंत आलेच नाहीत.

तर विनंत्या अशा.

ऑफर देण्याआधी विचारा : सोबत कोण येणार, त्यांचा पासपोर्ट कुठला, लग्न झालंय का. आणि त्या देशात त्यावर काय उत्तर आहे ते लेखी द्या. ‘होऊन जाईल’ हे शब्द ईमेलमध्ये लिहायची हिंमत नसेल तर फोनवरही बोलू नका. एका देशात वाट नसेल आणि कंपनीचं ऑफिस दुसऱ्या देशात असेल, तर ते सांगा. माणूस तुमच्याच कंपनीत राहील. जोडीदाराचा परवाना हातात आल्याशिवाय त्याला नोकरी सोडायला सांगू नका, विशेषतः त्याचा इथला मुक्कामच त्या नोकरीवर अवलंबून असेल तेव्हा. विमानाचं तिकीट, विमा, भाषेचा वर्ग हे नवऱ्याला किंवा बायकोला देता, ते त्या देशानं मान्य केलेल्या जोडीदारालाही द्या. परवाना देणाऱ्या सरकारपेक्षा तुमचं एचआर धोरण कडक असायचं काही कारण मला दिसत नाही. पोर्टलवर ‘पार्टनर’ अशी एक ओळ घाला. ते काम अर्ध्या दिवसाचं आहे. मी सॉफ्टवेअर लिहिते, मला माहीत आहे.

आणि लग्न करा, करू नका, यावर बोलायचं आमच्या आईवडिलांवर सोपवा. ते त्यात मागे पडलेले नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तुमच्या ‘डिक्लाइन्ड’च्या यादीतली एक माजी कर्मचारी,
आइंडहोवन

ता. क. — परवा आई फोनवर विचारत होती, त्या अविवाहित असल्याच्या दाखल्याची मुदत किती असते. सहा महिने धरतात, म्हटलं. “मग संपली की,” असं म्हणून तिनं पावसाचं सुरू केलं.